कोल्हापूर ते दार्जिलिंग: चार गाड्या, तीन बदल आणि त्यांची आखणी

कोल्हापूरहून दार्जिलिंगला रेल्वेने जायचे तर एका तिकिटात काम होत नाही. आधी कोल्हापूर ते पुणे, मग पुणे ते हावडा, मग कोलकाता शहर ओलांडून सियालदह ते न्यू जलपाईगुडी, आणि शेवटी टॉय ट्रेनने डोंगर चढून दार्जिलिंग. चार गाड्या, तीन बदल आणि एकूण सुमारे तीन हजार किलोमीटर. असा प्रवास बिघडतो तो बहुतेक वेळा घरी बसून केलेल्या आखणीत. गाडी उशिरा येणार हे सगळ्यांना माहीत असते, पण उशीर झाला तर पुढे काय, हे तिकीट काढताना कोणी विचारलेले नसते.

म्हणून प्रत्येक बदलाच्या ठिकाणी एकच प्रश्न विचारा: ही गाडी चुकली तर पुढची कधी? पुढची तासाभरात असेल तर हातात कमी वेळ ठेवला तरी चालतो. पुढची उद्या असेल तर भरपूर वेळ ठेवावा लागतो. आणि पुढची आठवड्याने असेल तर तिथे एक मुक्काम ठरलेलाच समजा. खाली कोल्हापूर-दार्जिलिंगचेच उदाहरण धरले आहे, पण सोलापूर ते जैसलमेर असो की रत्नागिरी ते दिब्रुगड, हिशेब हाच.

सुरुवात शेवटच्या गाडीपासून

आखणी घरापासून सुरू करायची नाही, शेवटच्या टोकाकडून मागे यायचे. ज्या गाडीला पर्याय सर्वात कमी, तिची तारीख आधी पक्की करा आणि बाकीच्या गाड्या तिच्याभोवती बसवा.

इथे ती गाडी म्हणजे टॉय ट्रेन. दार्जिलिंग हिमालयन रेल्वे १८८१ मध्ये दार्जिलिंगपर्यंत पोहोचली, १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे. न्यू जलपाईगुडी ते दार्जिलिंग हे ८८ किलोमीटर अंतर चढायला तिला सात तासांहून जास्त लागतात आणि वाटेत घूम हे २,२५८ मीटर उंचीवरचे स्थानक लागते. पूर्ण मार्गाची गाडी सकाळी न्यू जलपाईगुडीहून सुटते, डबे मोजके आणि जागा थोड्या.

आता तो प्रश्न विचारा. ही गाडी चुकली तर? दार्जिलिंगला पोहोचायला शेअर जीप आहे, न्यू जलपाईगुडीहून किंवा सिलिगुडीहून साधारण साडेतीन तासांत वर नेते. म्हणजे मुक्कामाला पोहोचणे अडत नाही. पण टॉय ट्रेनमध्ये बसायचे म्हणूनच निघाला असाल, तर जीप हा पर्याय होत नाही. कोलकात्याहून येणारी दार्जिलिंग मेल सकाळी आठच्या आसपास न्यू जलपाईगुडीला येते आणि टॉय ट्रेन दहाच्या सुमारास निघते. कागदावर दोन तास दिसतात. दार्जिलिंग मेल दोन तास उशिरा आली की संपले. आमचा स्पष्ट सल्ला असा, की टॉय ट्रेन हाच हेतू असेल तर आदला दिवस आणि रात्र सिलिगुडीत काढा आणि तिकीट दुसऱ्या दिवशीचे घ्या. ती हौस दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग या दोन तासांच्या फेरीनेही भागणार असेल, तर खुशाल जीपने वर जा आणि सिलिगुडीचा मुक्काम वाचवा.

पावसाळ्यात मात्र टॉय ट्रेनवर बेत उभा करू नका. हा मार्ग दरडींचा आहे, जून ते सप्टेंबर गाडी कधीही बंद होते. ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तर पावसाळा ओसरत असताना दार्जिलिंग आणि मिरिक भागात दरडी कोसळून रस्ते आणि पूल तुटले. त्या डोंगरात एप्रिल-मे आणि ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हे दिवस बरे, आणि गर्दीही तेव्हाच.

कोणत्या मार्गाने

गाडी न बदलता न्यू जलपाईगुडीला जायचे असेल तर मुंबईत लोकमान्य टिळक टर्मिनसहून गुवाहाटी-कामाख्याकडे जाणाऱ्या काही गाड्या आहेत. एकाच डब्यात दीड-दोन दिवस काढायची तयारी असेल आणि तारीख जुळत असेल तर त्या घ्याव्या. पण त्या आठवड्यातून ठरावीक वारीच असतात, तिकिटे लवकर संपतात, आणि त्यांतल्या इटारसी, प्रयागराज छिवकी, पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शनमार्गे जाणाऱ्या गाड्या डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत गंगेच्या खोऱ्यातल्या धुक्यात सापडतात. धुक्यात वेग उतरवावा लागतो, एका गाडीचा उशीर मागच्या सगळ्यांवर चढतो आणि पाच-सात तास सहज जातात.

पुण्याहून नागपूरमार्गे हावडा हा मार्ग त्या धुक्याच्या बराच खाली राहतो. पुणे-हावडा आझाद हिंद एक्सप्रेस दौंड, मनमाड, भुसावळ, नागपूर, रायपूर, बिलासपूर, टाटानगर, खरगपूर अशी जाते, सुमारे दोन हजार किलोमीटर. संध्याकाळी पुण्याहून सुटते आणि तिसऱ्या दिवशी पहाटे चारच्या आसपास हावड्याला पोहोचते. हिवाळ्यात हाच मार्ग धरा. त्याचेही दुखणे आहे. नागपूर ते बिलासपूर आणि पुढे झारसुगुडापर्यंत वाढीव मार्गांची कामे निघतात, त्यासाठी ब्लॉक घेतला जातो आणि गाड्या रद्द होतात किंवा वळवल्या जातात. टाटानगर-खरगपूर पट्ट्यात आंदोलनांचाही फटका बसतो. सप्टेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये कुडमी समाजाच्या रेल रोकोने हा मार्ग काही दिवस बंद होता. निघायच्या आधीच्या आठवड्यात गाडीचा क्रमांक आणि तारीख घालून एनटीईएसवर (गाड्यांची ताजी स्थिती सांगणारी रेल्वेची सेवा) रद्द आणि वळवलेल्या गाड्यांची यादी रोज बघायची, ती याचसाठी.

हातात किती वेळ ठेवायचा

वेळापत्रकातली वेळ बघून अंतर ठरवू नका, गाडीचा अलीकडचा इतिहास बघा. इंडिया रेल इन्फोसारख्या संकेतस्थळावर प्रत्येक गाडी रोज प्रत्यक्ष किती वाजता पोहोचली ते मिळते. गेल्या ३० फेऱ्या घ्या. सरासरी काढू नका, सरासरी फसवते. वीस दिवस वेळेवर आणि दहा दिवस तीन तास उशिरा आलेल्या गाडीची सरासरी एक तास दिसते, आणि त्या एका तासावर विसंबलेला माणूस तीन दिवसांतून एकदा अडकतो. त्याऐवजी उशिरा आलेल्या फेऱ्या मोठ्यापासून लहानापर्यंत मांडा आणि वरून तिसरी घ्या. वरच्या दोन बहुधा अपघात, आंदोलन, पूर अशा असतात. तिसऱ्या फेरीला जेवढा उशीर झाला, तेवढा वेळ तुम्हाला मोजायचा आहे. त्यात सामान घेऊन उतरणे, फलाट बदलणे आणि गाडीच्या अर्धा तास आधी हजर असणे यासाठी एक तास मिळवा. स्थानकच बदलायचे असेल तर शहर ओलांडण्याचा वेळ वेगळा.

इतिहास न बघता ठोकताळाच हवा असेल तर हा धरा: तीन-चारशे किलोमीटरच्या गाडीनंतर तीन तास, रात्रभराच्या गाडीनंतर पाच तास, दोन हजार किलोमीटरच्या गाडीनंतर किमान दहा तास.

शेवटच्या टप्प्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. वेळापत्रकात शेवटच्या स्थानकाआधी मोकळा वेळ पेरलेला असतो. त्यामुळे खरगपूरला पाऊण तास उशिरा दिसणारी गाडी हावड्याला वेळेवरही लागू शकते. उलटही होते. सांत्रागाछीनंतर हावड्याचा फलाट रिकामा नसेल तर दहा मिनिटांच्या अंतरासाठी गाडी तासभर सिग्नलला उभी राहते. म्हणून वाटेतल्या उशिरावरून ना घाबरून जा, ना निर्धास्त व्हा.

आता या मार्गावरचा एक सापळा. आझाद हिंद पहाटे चारला हावड्यात. न्यू जलपाईगुडीची वंदे भारत त्याच हावड्याहून सहाच्या जरा आधी सुटते आणि दुपारी दीडच्या सुमारास पोहोचवते. स्थानक तेच, दोन तास हातात, रात्रीची एक गाडी वाचते. आकर्षक वाटते. पण तेहतीस तास धावून आलेल्या गाडीनंतर दोन तास म्हणजे काहीच नाही. वंदे भारत आठवड्याचे सगळे दिवस धावत नाही. आणि दुपारी पोहोचलात तरी त्या दिवसाची टॉय ट्रेन सकाळीच गेलेली असते. याउलट रात्री सियालदहहून निघायचे ठरवले तर अठरा तास हातात राहतात, शिवाय तिथून उत्तरबंग, कांचनकन्या, दार्जिलिंग मेल, पदातिक अशा एकापेक्षा जास्त गाड्या संध्याकाळपासून रात्रीपर्यंत आहेत. एक चुकली तरी रात्र वाया जात नाही. हा बदल भक्कम आहे.

कोल्हापूर-पुणे टप्प्याला वेगळा न्याय. कोयना एक्सप्रेस सकाळी निघून दुपारी पुण्याला आणते आणि आझाद हिंद संध्याकाळी आहे. अंतर कमीच आहे, पण इथे मागे एसटी उभी आहे. सकाळी कोयना निघायलाच दीड-दोन तास उशीर दिसला तर तिच्यात बसू नका, कोल्हापूर बसस्थानक गाठा. वाटेत साताऱ्याला उतरून बस पकडू असा विचार असेल तर सातारा रेल्वे स्थानक शहरापासून बाहेर आहे, रिक्षाने बसस्थानक गाठण्यात वेळ जातो, हे धरून चाला. सोबत म्हातारी माणसे किंवा लहान मुले असतील तर हा धावपळीचा खेळ नको, आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने पुण्याला येऊन दिवस तिथे काढा.

स्थानकाचे नाव पूर्ण वाचा

तिकिटावर गावाचे नाव दिसले की लोक पुढचे वाचत नाहीत. हावडा हुगळीच्या पश्चिमेला, सियालदह पूर्वेला. याशिवाय कोलकाता नावाचे, चितपूरचे स्थानक वेगळे, शालिमार वेगळे, सांत्रागाछी वेगळे. उत्तरेला न्यू जलपाईगुडी, सिलिगुडी जंक्शन आणि सिलिगुडी टाउन ही तीन स्थानके, आणि जलपाईगुडी हे तर वेगळेच शहर. आपल्याकडेही मुंबई म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, लोकमान्य टिळक टर्मिनस, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस, दादर यांपैकी काहीही असू शकते. सोलापूरकडून येऊन मनमाडकडे जाणारी गाडी पकडणाऱ्यांनी दौंडचे नाव दोनदा वाचावे. काही गाड्या दौंड जंक्शनात न शिरता दौंड कॉर्ड लाईन या वेगळ्या स्थानकावर थांबतात, म्हणजे इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागत नाही. दोन्ही स्थानकांमध्ये सामानासह जाणे हा आणखी एक बदलच झाला.

तिकिटांच्या तारखांचा हिशेब

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते. आधी ही मुदत १२० दिवस होती, जुन्या सवयीने चार महिने आधी शोधत बसू नका. प्रवासाचा दिवस त्यात मोजत नाहीत. दिवसा धावणाऱ्या काही इंटरसिटी गाड्यांना ही मुदत आणखी कमी असते. सकाळी ८ ला बुकिंग सुरू होते.

अनेक गाड्यांच्या प्रवासात प्रत्येक टप्प्याचे बुकिंग वेगळ्या दिवशी उघडते, आणि इथेच गोंधळ होतो. समजा ५ मे ला निघायचे आहे. पुण्याहून ५ मे च्या आझाद हिंदचे बुकिंग ६ मार्चला उघडेल. तुम्ही हावड्याला पोहोचाल ७ मे च्या पहाटे, म्हणून सियालदहची ७ मे ची रात्रीची गाडी ८ मार्चला उघडेल. परतीला १२ मे च्या रात्री न्यू जलपाईगुडीहून निघणार असाल तर ते १३ मार्चला, आणि १३ मे च्या रात्री हावड्याहून परतीची आझाद हिंद १४ मार्चला. या सगळ्या सकाळी ७:५० ला लॉगिन करून बसायचे आहे. कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वाटेतल्या स्थानकावरून चढणाऱ्यांना एक दिवस जास्त मिळतो. मुदत मोजतात ती गाडी मूळ स्थानकाहून सुटण्याच्या तारखेपासून. ५ मे ला पुण्याहून सुटलेली आझाद हिंद नागपूरला ६ मे च्या सकाळी येते, म्हणजे नागपूरकराचे ६ मे चे तिकीटही ६ मार्चलाच उघडते. ७ मार्चला उठून बसणारा एक दिवस मागे पडतो. तत्काळलाही हाच नियम. तत्काळ आदल्या दिवशी सकाळी १० ला वातानुकूलित आणि ११ ला स्लीपर, पण आदला दिवस म्हणजे गाडी पुण्याहून सुटण्याच्या आदला. नागपूरकराने ४ मे ला काढायचे.

मध्यरात्रीची चूक तर वर्षानुवर्षे चालू आहे. रात्री ००:२० ला सुटणाऱ्या गाडीसाठी ७ मे च्या रात्री घरून निघायचे असेल तर तिकीट ८ मे चे हवे. ७ तारखेचे काढलेत तर तुम्ही स्थानकावर पोहोचता तेव्हा ती गाडी २४ तासांपूर्वी गेलेली असते.

बुकिंगआधीची तयारी आदल्या दिवशीच उरका. आयआरसीटीसीचे (रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटांचे) खाते आधारशी जोडलेले हवे. ऑक्टोबर २०२५ पासून बुकिंग उघडल्यानंतरची पहिली वेळ आधार-प्रमाणित खात्यांनाच मिळते, आणि तत्काळला जुलै २०२५ पासून आधारचा ओटीपी लागतो. प्रवाशांची नावे मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा. एका तिकिटावर सहा जण, तत्काळला चार. घरात साठीपुढचे पुरुष किंवा पंचेचाळिशीपुढच्या महिला असतील तर त्यांचे तिकीट वेगळे काढा. खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोन प्रवासी असतील तरच लागू होतो, सहा जणांच्या घोळक्यात आजी-आजोबांना वरचा बर्थ येतो तो त्यामुळेच.

पुण्याहून हावड्याचे तिकीट आधी मिळाले आणि सियालदहचे मिळालेच नाही तर? ही जोखीम राहतेच, कारण पुढचा टप्पा नंतर उघडतो. म्हणून सियालदहच्या तीन गाड्या पसंतीच्या क्रमाने लिहून ठेवा. मे महिन्यात आणि दुर्गापूजेच्या दिवसांत कोलकात्याहून डोंगराकडे जाणारे बर्थ काही मिनिटांत संपतात, विचार करायला वेळ नसतो. तिन्ही हुकल्या तर मूळ तिकीट लवकर रद्द करा. निघायची वेळ जवळ येईल तशी कपात वाढत जाते आणि चार्ट (बर्थवाटपाची यादी) लागल्यावर कन्फर्म तिकिटाचे काहीच परत मिळत नाही. कन्फर्म तत्काळ रद्द केले तर कधीच काही मिळत नाही.

वेटिंग लिस्टवर बदलाचा प्रवास उभारू नका. घ्यावेच लागले तर तिकीट जीएनडब्ल्यूएल (सर्वसाधारण वेटिंग) आहे, की पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल (मधल्या स्थानकांच्या कोट्यांचे वेटिंग) ते बघा. पहिल्या प्रकारात बर्थ मिळण्याची शक्यता सर्वात जास्त, कारण तो मूळ स्थानकाकडच्या मोठ्या कोट्याचा. मधल्या स्थानकांचे कोटे लहान असतात, त्यांची यादी फारशी हलत नाही. नागपूरहून चढायचे आणि कोटा संपलेला असेल तर पुण्यापासूनचे तिकीट काढून चढण्याचे स्थानक नागपूर करून घेता येते. पैसे जास्त जातात, पण बर्थ मिळतो. हा बदल चार्ट लागण्याआधी करायचा, आणि एकदा केला की पुण्याहून चढण्याचा हक्क जातो. आरएसीवर तेहतीस तास म्हणजे बाजूच्या एका बर्थवर दोघांनी बसून काढलेल्या दोन रात्री, हे ठरवूनच पुढे जा.

आणि विकल्प योजनेची खूण करू नका. एका गाडीच्या प्रवासात ती उपयोगी आहे, पण तिच्यात मिळणारी पर्यायी गाडी पुष्कळ तासांनी सुटणारी असू शकते आणि जवळच्या दुसऱ्या स्थानकाहूनही असू शकते. पर्यायी गाडी मिळाली की मूळ गाडीत जाता येत नाही. पुढचे सगळे बदल कोलमडतात.

दोन पीएनआर एकमेकांना जोडणे

एप्रिल २०१९ पासून दोन वेगळी तिकिटे जोडप्रवास म्हणून एकमेकांशी जोडता येतात. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे, न केलेल्या प्रवासाचे पूर्ण भाडे रद्द करण्याच्या कपातीशिवाय परत मिळते. हा नियम फार थोड्या प्रवाशांना माहीत असतो आणि त्यापायी हजारो रुपये बुडतात.

अटी अशा. दोन्ही तिकिटांवरचे प्रवासी तेच आणि त्यांचा तपशील जसाच्या तसा हवा. एकावर «रा. ग.» आणि दुसऱ्यावर पूर्ण नाव असे चालत नाही. पहिली गाडी जिथे उतरवते तिथूनच दुसरी सुटत असेल तर जोडणी सरळ होते. कोल्हापूर-पुणे आणि पुणे-हावडा ही जोडणी नक्की करा, हातातला वेळ तिथेच सर्वात कमी आहे. ऑनलाइन तिकिटात पहिले तिकीट काढून झाल्यावर त्याच बुकिंगच्या नोंदीतून जोडप्रवासाचा पर्याय निवडून दुसरे काढायचे. खिडकीवर काढत असाल तर दोन्ही पीएनआर कारकुनासमोर ठेवून जोडायला सांगायचे.

गाडी चुकलीच तर पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत ऑनलाइन टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) भरायचा. खिडकीचे तिकीट असेल तर तेवढ्याच वेळात खिडकीवर जमा करायचे. तीन तास उलटले की हक्क गेला. म्हणून उतरल्यावर आधी टीडीआर, मग चहा आणि पुढचा बेत.

वेगळा नियम वेगळ्या प्रसंगाचा: तुमची गाडी चढायच्या स्थानकावर तीन तासांहून जास्त उशिरा येत असेल आणि तुम्ही जायचेच नाही ठरवले, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर भरून पूर्ण भाडे परत मिळते. रेल्वेने गाडीच रद्द केली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात, पण फक्त त्या गाडीचे. पुढच्या टप्प्यांची तिकिटे तुमच्या नावावर तशीच राहतात. आझाद हिंद रद्द झाल्याचे कळले की त्याच तासाला सियालदहच्या आणि टॉय ट्रेनच्या तिकिटांचे काय करायचे ते ठरवा.

हावड्यातला दिवस

गाडी पहाटे चारला लागते. नागपूरकडून येणाऱ्या गाड्या बहुतेक वेळा नव्या इमारतीच्या बाजूला, १७ ते २३ क्रमांकांच्या फलाटांवर येतात. बाहेर अंधार असतो, टॅक्सीवाले आणि हमाल घोळका करतात. घाई करू नका, रात्रीपर्यंत कुठेही पोहोचायचे नाही. तिकीट दाखवून प्रतीक्षालयात बसा, अंघोळ उरका. पीएनआरवर विश्रांतिकक्ष आधी ऑनलाइन आरक्षित केला असेल तर उत्तमच. सामान क्लोक रूममध्ये ठेवायचे असेल तर प्रत्येक पिशवीला कुलूप हवे, बिनकुलपाची पिशवी घेत नाहीत. चेनला लागणारी तीन छोटी कुलुपे घरूनच न्या.

सियालदहला जायला आता मेट्रो आहे. हुगळीच्या पात्राखालून जाणारी हावडा मैदान ते एस्प्लनेड ही मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आणि २२ ऑगस्ट २०२५ ला एस्प्लनेड-सियालदह हा राहिलेला तुकडा जोडला गेला. पूर्वी हावडा पुलावरच्या कोंडीत तास-दीड तास जायचा, आता हावडा स्थानकाखालून बसले की सियालदह दहा-बारा मिनिटांवर. पण मेट्रो पहाटे नसते आणि रात्री उशिराही नसते. दिवस शहरात काढून रात्री साडेआठपर्यंत सियालदहला पोहोचा. संध्याकाळच्या गर्दीत मोठ्या बॅगा घेऊन मेट्रोत शिरणे जड जाते. त्यामुळे सकाळी गर्दी व्हायच्या आत सामानासह मेट्रोने सियालदहला जाऊन तिथल्या क्लोक रूममध्ये ठेवणे आणि दिवसभर मोकळ्या हाताने फिरणे सर्वात सोयीचे.

आझाद हिंद दहा-बारा तास उशिरा आली तर? तरीही रात्रीची गाडी मिळते. त्याहून जास्त उशीर झाला तर स्थानकावर करंट बुकिंग विचारा. पहिला चार्ट लागल्यानंतर रिकामे राहिलेले बर्थ गाडी सुटण्याच्या अर्ध्या तासापर्यंत विकले जातात.

सोबत काय आणि कसे

प्रत्येक टप्प्याची एक ओळ असा एक कागद करा आणि दोन प्रती दोघांकडे ठेवा. मोबाईलची बॅटरी नेमकी टाटानगरनंतर संपते. ओळ अशी: «७ मे, गुरुवार, रात्र. सियालदह ते न्यू जलपाईगुडी. गाडी क्रमांक, पीएनआर, डबा, बर्थ. चुकली तर: पदातिक, नाहीतर करंट बुकिंग, नाहीतर बस.» वार लिहायचाच, कारण तारखेची चूक वारावरून पकडली जाते. चढण्याआधी प्रत्येक वेळी कागदातल्या वेळा नव्या वेळापत्रकाशी ताडून घ्या.

मोफत सामानाची मर्यादा स्लीपर आणि थ्री टियर एसीला माणशी ४० किलो, टू टियरला ५० किलो. पण तीन बदलांच्या प्रवासात खरी मर्यादा तुमच्या हातांची. जिना चढताना स्वतः उचलता येईल एवढेच माणशी. टॉय ट्रेनच्या डब्यात मोठ्या सुटकेसला जागाच नसते.

दोन रात्रींच्या गाडीसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले टिकतात. भाजी पहिल्या रात्रीपुरतीच. नागपूरला सकाळी जेवण किंवा नाश्ता हवा असेल तर पीएनआर घालून ई-केटरिंगवर आदल्या रात्रीच मागवा. पहाटे उतरायच्या स्थानकासाठी १३९ वर फोन करून आगमनाचा इशारा लावून ठेवा.

परतीला एकच धोका मोठा आहे: डोंगर उतरणे. रात्रीची गाडी न्यू जलपाईगुडीहून असली तरी दार्जिलिंग दुपारी बाराच्या आत सोडा. जीपला साडेतीन तास लागतात असे म्हणतात, पण सोनादा आणि कर्सियांगच्या बाजारात वाहने अडली की पाच लागतात. रोहिणी मार्गाने उतरणारी जीप मिळाली तर ती घ्या. सकाळी सियालदहला उतरल्यावर हावड्याची गाडी रात्री आहे, म्हणजे पुन्हा पूर्ण दिवस हातात. तिथून आझाद हिंद तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला पोहोचते, आणि कोल्हापूरच्या बस स्वारगेटहून दिवसभर सुटतात, त्या टप्प्याचे तिकीट आधी काढून ठेवायची गरज नाही.